भगवानरावांनी मोडलेली सोयरीक

कळंबच्या पुढे गेलं की पारडी लागते. त्या पारडीत अन् आजूबाजूच्या गावांत कुणाची पोरगी लग्नाला आली, की बापाची मोटारसायकल सगळ्यात आधी भगवानराव ढोल्यांच्या दारात उभी राहायची. भगवानराव काही विवाह मंडळ चालवत नव्हते. सोयरीक जुळवून देण्याचा एक पैसा त्यांनी कधी घेतला नाही. मांडवात चारचौघांदेखत टोपी-दुपट्टा मिळावा, पंगत बसताना 'भगवानभाऊ कुठं आहेत?' असं कुणी तरी मोठ्यानं विचारावं, एवढ्यावर गडी खूश. घरची कपाशी अन् तूर पोरगा पाहायचा. यांचं पीक म्हणजे लग्नं.

कुणाचा आजा कुठून येऊन इथं बसला, कुणाच्या काकानं पहिली बायको सोडली, कुणाच्या घरात मिरगीचं दुखणं आहे, हे सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. कागदावर एक अक्षर नाही. मुलाकडचे शेत दाखवायचे, नवी स्लॅब दाखवायचे, दारातला ट्रॅक्टर दाखवायचे. भगवानराव चहाचा घोट घेत शांतपणे विचारायचे, "थे सारं ठीक आहे. बापाकडचं काय?" हा त्यांचा ठरलेला सवाल होता. त्या सवालावर कितीतरी सोयरिकी जुळल्या, अन् कितीतरी मोडल्या.

स्वतःला ते सुधारलेले समजत. त्यांच्या या समजुतीला अगदीच आधार नव्हता असं नाही. गावातल्या गुल्हान्यांच्या दोन पोरांचे डोळे ऐन तारुण्यात गेले, तेव्हा अर्धं गाव म्हणत होतं की त्यांच्या आज्यानं विहीर खोदताना वारूळ फोडलं, त्याची ही शिक्षा. भगवानराव त्या लोकांना हसले. "वारूळगिरूळ काही नाही," ते पारावर म्हणाले होते, "हे रक्तातलं व्हय. गुल्हान्यायच्या रक्तातच डाग आहे." वारुळाचं गाव विसरलं असतं. रक्ताचं विसरलं नाही, कारण ते भगवानराव बोलले होते.

त्या दोघांतला थोरला पुंडलिक. त्याचं लग्न कधी झालंच नाही अन् तो काही वर्षांनी तापानं गेला. धाकटा श्रावण. त्याचं लग्न झालं होतं, पाळण्यात नयन होता, अन् एका उन्हाळ्यात त्याला समोरच्या माणसाचं तोंड दिसेना. दुखलं नाही, लाल झालं नाही. आधी एका डोळ्यापुढं धुकं आलं, मग दुसऱ्या. कडेचं तेवढं दिसायचं. त्यामुळं श्रावण काठी न घेता बांधावरून चालत जायचा, पण बोलणाऱ्याकडं मान वाकडी करून पाहायचा. नवख्या माणसाला वाटे, हा आपल्याला टाळून राह्यला.

श्रावणच्या बहिणीचं, शोभाचं, लग्न जमेना तेव्हा तिची आई तुळसाबाई भगवानरावांकडेच आली होती. त्यांनी ते आर्णीच्या वानखड्यांकडं जमवून दाखवलं. मुलाच्या बापाला ते म्हणाले, "पोरगी दुसऱ्याच्या घरी गेली का थे दुसऱ्याची झाली. डाग राहते बापाच्या घरी." वानखड्यांना पटलं. या लग्नाचा भगवानरावांना फार अभिमान होता. आपण एका गरीब माउलीचं काम केलं, असं ते पुढं कित्येक वर्षं सांगत.

नयनच्या वेळी मात्र त्यांनी हात वर केले. नयन गुल्हाने पारडीचा, पण त्याचं दुकान कळंबला. पाण्याच्या जळलेल्या मोटारी उघडून तो त्यांत नवी तार भरायचा. केसासारखी बारीक तार, मोजून वेढे. त्याच्यासारखं काम तालुक्यात नाही असं शेतकरी सांगत. पण पोरगा तिशी ओलांडून गेला तरी घोड्यावर चढेना. पाहुणे यायचे, पोहे खायचे, बापाचे डोळे पाहायचे अन् 'कळवतो' म्हणून जायचे. शेवटी भगवानरावांनीच श्रावणला सुचवलं, "पाव्हणे येतीन त्या दिवशी तू वावरात जात जाय ना. समोर दिसलं नाही का माणूस एवढा इचार करत नाही." श्रावण हो म्हणाला. तेव्हापासून पोराला पाहायला कुणी आलं, की बाप वावरातल्या झोपडीत बसून राहायचा.

यंदा आर्णीकडच्या देवराव इंगोल्यांची सुरभी नयनला जवळजवळ ठरली होती. पोरापोरीनं एकमेकांना पसंत केलं होतं. देवरावांनी रिवाजाप्रमाणं भगवानरावांना फोन केला. भगवानराव म्हणाले, "पोरगा सोन्यासारखा आहे. बापाचे डोळे तेवढे एकदा इचारात घ्या." एवढंच. साक्षगंधाची तारीख धरायची राहिली ती राहिलीच.

हे झालं त्याच्या पुढच्याच महिन्यात डॉक्टर वर्षा राठोड पारडीला आल्या. दवाखान्यातल्या डॉक्टर नव्हेत, संशोधन करणाऱ्या. बाई मूळच्या आर्णीजवळच्या तांड्यावरच्या, गुलाबसिंग राठोडांची मुलगी. आता हैदराबादला एका संस्थेत काम करत होत्या. शोभाचा मुलगा बंटी, त्याचे डोळे कॉलेजात असतानाच गेले होते. त्याचे रिपोर्ट फिरत फिरत त्यांच्यापर्यंत पोचले, अन् त्यांच्या लक्षात आलं की हा पोरगा आपल्याच भागातला. बंटीच्या नात्यात आणखी कुणाचे डोळे गेले ते त्यांना पाहायचं होतं. शोभा म्हणाली, "नातं इचाराचं असंन तं पारडीले जा. भगवानभाऊ ढोले."

भगवानरावांची छाती फुगली. हैदराबादची शास्त्रज्ञ आपल्या ओसरीवर खाली सतरंजीवर बसून आपल्याला विचारते आहे, अन् तेही 'काकाजी' म्हणून. त्यांनी मैनाबाईंना चहा टाकायला सांगितला अन् बाईंना म्हणाले, "थांबा, तुमाले डोळ्यानं दाखवतो." घरातून तीन मुठी दाणे आणले. पुरुष म्हणजे तूर, बाई म्हणजे सोयाबीन, अन् ज्याचे डोळे गेले तो काळा उडीद. मग त्यांनी फरशीवर गुल्हान्यांचं खानदान मांडायला घेतलं. श्रावणचा पणजा, त्याचे तीन मुलगे, त्यांची मुलं, त्यांची मुलं. तुरीच्या रांगा लांबत गेल्या. सोयाबीनचे दाणे बहुतेक मुठीतच राहिले.

"काकाजी," वर्षाताई म्हणाल्या, "एवढ्या गुल्हान्यात उडीद दोनच?"

"दोनच. पुंडलिक अन् श्रावन."

"पणजोबाच्या बाकीच्या पोराईच्या घरात कोनीच नाही?"

"नाही."

"मंग या दोघायची माय कोन?"

"तुळसाबाई. मुकुटबनची." भगवानरावांनी सोयाबीनचा एक दाणा ठेवला.

"तिच्या माहेरी?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न भगवानरावांना कुणी विचारला नव्हता, अन् त्यांनीही कुणाला विचारला नव्हता. पण आठवण पक्की होती, ती लगेच धावून आली. तुळसाबाईचा एक भाऊ होता. शोभाच्या लग्नात त्याला हाताला धरून मांडवात आणलं होतं. तेव्हा भगवानरावांनी मनात नोंद केली होती की मुकुटबनवाल्यांच्या घरात एक आंधळा आहे, अन् ती नोंद मुकुटबनच्या खात्यात ठेवून दिली होती. त्यांनी तुळसाबाईच्या वर तिच्या मायचं सोयाबीन ठेवलं अन् तिच्या शेजारी भावाचा उडीद. तुळसाबाईची एक बहीण मारेगावकडं दिलेली. तिचा मुलगा मास्तर होता, डोळ्यांपायी नोकरी सुटली. आणखी एक उडीद. मग शोभा, सोयाबीन. तिच्या खाली बंटी, उडीद.

मांडून झाल्यावर भगवानरावांचा हात हवेतच राहिला. प्रत्येक उडदाच्या वर मुकुटबनचं सोयाबीन होतं. ज्याच्या वर नुसती तूर होती, असा एकही उडीद नव्हता. त्यांना कुणी काही सांगायच्या आधीच ते दिसलं.

वर्षाताईंनी मग समजावून सांगितलं. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत लहान लहान कण असतात, त्यांना मायटोकाँड्रिया म्हणतात. खाल्लेल्या अन्नातून ताकद काढायचं काम त्यांचं. डोळ्यातून मेंदूकडं जाणाऱ्या नसेला ही ताकद फार लागते. कणांत बिघाड असला तर ती नस हळूहळू मरते. अन् हे कण फक्त आईकडून येतात.

"दही लावतो तसं समजा," त्या म्हणाल्या. "दूध दोन्ही घरचं. विरजन मायच्या घरचं. मुलगा असो का मुलगी, दोघायलेबी थेच लागते. पन पुढं मुलीचंच विरजन जाते, मुलाचं जात नाही. सगळ्यायचे डोळे जातात असं नाही. पोराईचे जास्त जातात, पोरीईचे कमी. काहून, थेच मी शोधून राह्यली."

चहा घेऊन आलेल्या मैनाबाई दारातच थबकून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आपल्या घरचं विरजन मी माया मायकडूनच आनलं होतं बाई."

"म्हंजे नयनले..." भगवानरावांनी विचारलं.

"श्रावनभाऊकडून नयनले येऊच शकत नाही. त्याच्या मायकडं काही नसंन, तं त्याले धोका नाही."

नयनच्या आईच्या माहेरी कुणाचेच डोळे गेले नव्हते, हे भगवानरावांना पक्कं माहीत होतं. ते फरशीवरच्या तुरीकडं पाहत बसले. अन् या घडीला त्यांच्या मनात काय आलं, ते सांगितलंच पाहिजे, कारण पुढं सगळ्यात जास्त लाज त्यांना त्याचीच वाटली. त्यांच्या मनात आलं: म्हणजे आता इथून पुढं मुलीच्या आईचं माहेर पाहायला हवं. तुळसाबाईचा डाग. शोभाचा डाग. शोभाची मुलगी सलोनी लग्नाला आली आहे, तिला पाहायला येणाऱ्यांना सांगावं लागेल. सवय अशी, की जुनी चूक पुरती गिळायच्या आधीच जीभ नव्या घराकडं वळली.

जणू ऐकू आल्यासारखं वर्षाताई म्हणाल्या, "काकाजी, एक भेव वाटते मले. हे गावाले समजलं का लोक बायायले धरतीन. सलोनीले मी सारं समजावून सांगतलं आहे. ज्याच्यासंग लगन करन, त्याले थे सोता सांगन. दुसऱ्या कोनी सांगाचं काम नाही. आमच्या तांड्यातबी वंश सांगतात तं बापाचीच नावं घेतात. मले माया आजीच्या मायचं नाव सांगता येत नाही. पन बायायचं नाव घ्याची पहिली पाळी आली, अन् थे डाग म्हनून आली, तं कसं?"

भगवानरावांनी मान हलवली. बाई रक्ताचे नमुने घ्यायला श्रावणकडं गेल्या. यांनी दाणे गोळा केले, पण ते एकमेकांत मिसळले अन् नंतर मैनाबाईंना निवडत बसावं लागलं.

पुढचे काही दिवस भगवानरावांना जेवण गोड लागेना. दोन लग्नांची बोलावणी आली, ते गेले नाहीत. कंबर धरली म्हणून सांगितलं. त्यांना एकेक घर आठवायचं. श्रावणच्या दोन चुलतभावांची लग्नं रखडली होती, त्यातला एक आजही एकटाच राहतो. त्यांच्याकडं कधी कुणाचे डोळे गेलेच नव्हते, नुसतं गुल्हाने आडनाव आडवं आलं होतं. अन् शोभाच्या लग्नाचा तो अभिमान. एका बाजूनं डाग नसलेल्या माणसांना घरात बसवलं, दुसऱ्या बाजूनं काही न सांगता पोरगी देऊन टाकली, अन् दोन्हीकडं शहाणा म्हणून टोपी घालून घेतली. आरशासमोर दाढी करताना त्यांना स्वतःकडं सरळ पाहवेना.

शेवटी ते श्रावणच्या वावरात गेले. श्रावण बांधावर बसून तुरीच्या काड्यांचा खराटा बांधत होता. पावलं ओळखून तो उठला अन् मान वाकडी करून म्हणाला, "भगवानभाऊ, या. बसा."

"डॉक्टरबाई बोलल्या काय तुयासंग?"

"बोलल्या." श्रावणनं खराटा खाली ठेवला. "भाऊ, थे पोट्टं वीस वर्साचं झालं तवापासून मी रोज सकाळी त्याच्याकडून वाचून घेतो. औषधाची बाटली, बियान्याची पिशवी, जे हाती लागन थे. बारीक अक्षर वाच म्हनतो. थो रागावते, म्हनते बाबा काहून तरास देता. त्याले कसं सांगू का मी रोज तुये डोळे तपासून राह्यलो म्हनून? मले वाटे, मीच देलं त्याले. आज जाईन, उद्या जाईन. बाईनं सांगतलं तवा मी तिच्या समोर पोट्ट्यासारखा रडलो."

भगवानरावांना म्हणायचं होतं, श्रावण, माझं चुकलं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण तोंडातून निघालं ते असं: "मी देवरावसंग बोलतो. पाहू काय होते थे."

श्रावणनं त्यांचे दोन्ही हात धरले. "तेवढं करा भाऊ. पन माया मायचं नाव नोका घेऊ. शोभाचंबी नाही. सलोनीचं जमून राह्यलं आहे."

भगवानराव देवरावांकडं आर्णीला गेले. वाटेत त्यांनी वाक्य जुळवलं होतं. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं, एवढंच साधं वाक्य. पण देवरावांनी 'या भगवानभाऊ' म्हणून खुर्ची पुढं केली, पंखा लावला, मुलीला पाणी आणायला सांगितलं, अन् ते वाक्य कुठल्या कुठं गेलं. "हैदराबादच्या डॉक्टरीनबाईनं तपासलं," ते म्हणाले, "पोराले काही नाही. पुढंबी होनार नाही." देवरावांना आनंद झाला. सोयरीक मोडल्यापासून सुरभी घरात कुणाशी बोलत नव्हती. ते म्हणाले, "येतो आमी. घरचे चार मानसं घेऊन येतो, बसून बोलू."

पाहुणे आले तेव्हा पारडीत गुल्हान्यांच्या ओसरीवर दोन सतरंज्या टाकल्या होत्या. नयन नवा शर्ट घालून उभा. भगवानरावांनी या खेपेला श्रावणला वावरात जाऊ दिलं नाही, स्वतः हाताला धरून पाहुण्यांसमोर बसवलं. आपण काही तरी भरून काढतो आहोत, असं त्यांना त्या वेळी वाटलं. श्रावण अवघडून बसला होता. कुणाकडं पाहावं म्हणजे पाहिल्यासारखं दिसेल, हे त्याला कळत नव्हतं.

पोहे झाले, चहा झाला. मग देवरावांचे मोठे भाऊ होते, ते म्हणाले, "पोरगा पसंत आहे. पन एक गोष्ट साफ झाली पायजे. पोराले नाही म्हनता, मान्य. मंग बापाचे डोळे कायनं गेले? अन् याच्या भावाचेबी गेले म्हनतात. घरातलं नाही, तं आलं कोठून?"

सगळे भगवानरावांकडं पाहू लागले. नयन बापाकडं पाहत होता.

बोलायची हीच वेळ होती. डॉक्टरबाईंचं सगळं सांगितलं तर तुळसाबाईचं नाव निघणार, मग शोभा, मग सलोनी. ते सांगायचं नव्हतं. मग एकच राहत होतं: ते विचारू नका, पण गुल्हान्यांच्या रक्तात डाग आहे हे मी पसरवलं, अन् ते खोटं होतं. एवढं म्हटलं असतं तर पुरे होतं. भगवानरावांच्या मनात शब्द उभे होते. पण समोर आर्णीची माणसं होती, पारडीतले चार जण होते, अन् उद्या ही गोष्ट बाजारभर झाली असती की भगवान ढोल्याला काही कळत नव्हतं. आपली अब्रू राहील अन् खरंही बोलल्यासारखं होईल असं एखादं वाक्य ते शोधत राहिले. ते काही सापडेना. त्यांनी पाण्याचा पेला उचलला.

तेवढ्यात श्रावण बोलला.

"मी पेत होतो," तो म्हणाला. त्यानं मान सरळ ठेवली होती, म्हणजे त्याला समोरचं कुणीच दिसत नव्हतं. "जवानीत लय पेलो. मोहाची, गावठी, भेटन थे. भाऊबी पेत होता. एक डाव दोघायनं खराब दारू पेली, त्यानंच गेले डोळे. पोराचा त्यात काही दोष नाही. त्यानं तं मले पाहून पानाचा ठेलाबी सोडला."

आयुष्यात दारूचा थेंब न शिवलेला माणूस. पुंडलिक तर लग्नाच्या वरातीतही बाजूला उभा राहायचा. हे त्या ओसरीवरच्या पारडीच्या प्रत्येकाला माहीत होतं, पण कुणी ब्र काढला नाही. नयननं तोंड उघडलं, अन् बापाच्या चेहऱ्याकडं पाहून मिटलं.

देवरावांचे भाऊ भगवानरावांकडं वळले. "असं आहे काय भाऊ? तुमी म्हनान थे खरं."

"हो," भगवानराव म्हणाले.

"मंग काही सवाल नाही. पेनं ज्याचं त्याच्यापाशी." त्यांनी साखर मागवली. बायका आत हसू लागल्या, कुणी तरी नयनच्या पाठीवर थाप मारली. निघताना देवरावांच्या पुतण्यानं श्रावणला जरा मोठ्यानंच सांगितलं, "मामाजी, आता मांडवात जपून राहा बरं." पाहुणे हसले. श्रावणही हसला.

गाड्या गेल्यावर भगवानराव त्याच्याजवळ जाऊन बसले. हात कुठं ठेवावे ते त्यांना कळेना.

"श्रावन, असं काहून बोल्ला रे? जन्मभर लोक पेताड म्हनतीन तुले."

श्रावणनं सवयीनं मान वाकडी केली, म्हणजे आता तो त्यांच्याकडं पाहत होता. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"मले वाटलं होतं तुमी बोलान," तो म्हणाला. "तुमी चूप राह्यले. मंग कोनाले तं बोला लागत होतं ना, भाऊ."